एकट्या मालमोटार-मालकाचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



श्रमिकांची गणना करावयास बसले म्हणजे शेतमजूर, गिरणी कामगार, हमाल, ऊसतोडणी मजूर ही नावे सहज ओठांवर येतात. या गणनेतून एक माणूस बहुधा निसटतो. त्याच्या नावावर कित्येक लाख रुपयांचे वाहन असते, सरकारदरबारी त्याची नोंद ‘मालक’ अशी असते, आणि म्हणून कामगारांच्या सभेला त्याला कोणी बोलावीत नाही. व्यापाऱ्यांच्या बैठकीत त्याला खुर्ची मिळत नाही, कारण तेथे तो नुसता गाडीवाला असतो. एका मालमोटारीचा हा मालक स्वतःच गाडी चालवितो, रात्री केबिनमध्ये अंग मुडपून झोपतो, टायर फुटले तर स्वतः जॅक लावतो आणि महिना भरला की कर्जाचा हप्ता भरतो. भारतातील मालवाहतुकीचा सुमारे सत्तर टक्के भार आज रस्त्यावरून जातो, आणि रस्त्यावरील वाहतूकदारांत पाचांहून कमी गाड्या असलेल्यांचाच भरणा मोठा आहे. शहराच्या ताटातील कांदा आणि इमारतीच्या खांबातील सळई या दोन्ही गोष्टी बव्हंशी याच माणसाच्या पाठीवरून येतात.

१९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि पुढे लहान वाहतूकदारांचा समावेश अग्रक्रमाच्या कर्जक्षेत्रात झाला. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवर राबणाऱ्या अनेक चालकांना स्वतःची गाडी घेण्याची वाट खुली झाली. ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे. परंतु ज्या धोरणाने गाडी दिली, त्याने त्या गाडीला भाडे मिळण्याची व्यवस्था केली नाही. चालकाच्या हाती वाहन आले. बाजार मात्र दुसऱ्याच्याच हाती राहिला.

तेव्हा आज विचारात घ्यावयाचा प्रश्न साधा आहे. आपल्या गावापासून दोन-तीनशे किलोमीटरांच्या टापूत अशा एकट्या मालकाला किफायतशीर भाडे कसे मिळावे? हाच पल्ला विचारासाठी निवडण्याचे कारण असे की, दिल्ली-कोलकात्याच्या लांब पल्ल्यावर शेकडो गाड्यांच्या कंपन्या वार्षिक करार करून बसल्या आहेत. तेथे एकट्याचा निभाव लागणे कठीण. जवळच्या टापूत मात्र त्याच्याजवळ एक भांडवल आहे. कोणत्या महिन्यात कोठला माल निघतो, कोणता रस्ता पावसाळ्यात खचतो, कोणत्या गोदामात दिवस मोडतो, हे त्याला ठाऊक असते. एवढे ज्ञान असूनही तो तोट्यात का जातो, याचा शोध घेतला पाहिजे.

भाड्याचा खरा हिशेब

गाडीवाल्यांच्या बोलण्यात नेहमी एकच आकडा असतो: टनाला काय भाव मिळाला. सारी घासाघीस त्या आकड्याभोवती चालते. वस्तुतः टनाचा भाव हा हिशेबाचा एक चतुर्थांश भाग आहे. उरलेले तीन भाग म्हणजे परतीचे भाडे, खोळंबा आणि पैसे हाती पडण्याचा दिवस.

उदाहरणादाखल काही आकडे धरून हा हिशेब मांडू. समजा, अठरा टन माल नेणारी दहा चाकी गाडी आहे. कर्जाचा हप्ता महिना पस्तीस हजार, विमा, कर, परवाना आणि पासिंग मिळून दहा हजार, चालकाचा पगार वीस हजार. मालक स्वतः गाडी चालवीत असला तरी हा पगार धरलाच पाहिजे. तो न धरणे म्हणजे स्वतःचे श्रम फुकट देणे होय. एकूण पासष्ट हजार झाले. महिन्यात सव्वीस दिवस काम धरले, तर गाडी जागची न हलताही दिवसाला अडीच हजार रुपये खाते. त्यावर डिझेल, टायर, दुरुस्ती आणि टोल मिळून किलोमीटरला बत्तीस रुपये धरू. सोयीसाठी भरलेल्या आणि रिकाम्या गाडीत फरक करू नये.

आता तीनशे किलोमीटरांवरचे भाडे टनाला हजार रुपये दराने मिळाले. अठरा हजार रुपये ऐकून मन सुखावते. पण जाऊन-येऊन सहाशे किलोमीटरांचे एकोणीस हजार दोनशे आणि दोन दिवसांचे पाच हजार, असा खर्च चोवीस हजार दोनशे होतो. गाडी रिकामी परतली तर सहा हजार दोनशेंचा तोटा. परतीला नऊ हजारांचे भाडे मिळाले तर दोन हजार आठशे उरतात. आणि भरताना एक दिवस, उतरविताना एक दिवस असे दोन दिवस फुकट गेले, तर परतीचे भाडे मिळूनही दोन हजार दोनशेंचा तोटा होतो.

याच्या शेजारी नव्वद किलोमीटरांवरचे भाडे ठेवून पाहावे. टनाला साडेतीनशे रुपये म्हणजे सहा हजार तीनशे, परतीला दोन हजार सातशे, मिळून नऊ हजार. खर्च, प्रवासाचा पाच हजार सातशे साठ आणि दिवसाचा अडीच हजार, म्हणजे आठ हजार दोनशे साठ. उरतात सातशे चाळीस. रक्कम लहान आहे. पण जेथे गाडी सकाळी भरते आणि संध्याकाळी मोकळी होते, तेथे ती रोज उरते. मोठ्या आकड्याचे भाडे चार दिवसांत तोटा देते, आणि लहान आकड्याचे भाडे चार दिवसांत तीन हजारांच्या घरात नफा देते. प्रत्येकाने आपल्या गाडीचे आकडे घालून हा हिशेब करावा. आकडे बदलतील, धडा बदलणार नाही. दिवसाचा आणि किलोमीटरचा खर्च ज्याला तोंडपाठ आहे, त्यालाच कोणत्या भाड्याला नाही म्हणावयाचे हे कळते.

परतीची वाट

किफायतशीर टापू म्हणजे ज्याच्या दोन्ही टोकांना माल आहे असा टापू. जालन्याचे उदाहरण घ्यावे. तेथील पोलाद कारखान्यांना भंगार लागते. त्यांपैकी बरेच न्हावाशेवा बंदरातून येते आणि तयार सळई मुंबई-पुण्याकडे जाते. जाताना सळई, येताना भंगार, अशी जोडी येथे स्वभावतःच जुळते. कोल्हापूर-सांगलीकडून साखर, गूळ आणि हळद निघते व त्या बाजूला खत आणि सिमेंट जाते. याउलट नाशिक जिल्ह्यातून कांदा आणि द्राक्षे हंगामात मुंबईकडे लोटतात. तेवढ्याच गाड्या भरतील इतका परतीचा माल त्याच दिवसांत मिळेल याची शाश्वती नसते.

हंगामी मालावर विसंबलेल्या गाडीवाल्याच्या डोक्यावर सरकारी निर्णयाचीही टांगती तलवार असते. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली; ती ४ मे २०२४ रोजी उठली. त्या काळात उत्पादकाच्या हानीची चर्चा झाली, आणि ती होणे रास्तच होते. परंतु बाजार समितीच्या आवारातून बंदरापर्यंत कांदा नेणाऱ्या गाड्यांचे हप्ते त्या महिन्यांत कसे भरले गेले असतील, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. म्हणून एका पिकावर सारी गाडी बांधू नये, हा पहिला व्यवहारी नियम. आणि परतीच्या मालाची चौकशी निघण्यापूर्वीच करावी, हा दुसरा. परमुलखात रिकाम्या उभ्या असलेल्या गाडीला मिळेल तो भाव घ्यावाच लागतो, हे तेथील दलालाला पक्के ठाऊक असते.

नाके गेले, खोळंबा राहिला

जकात नाक्यांवरील रांगा अनेकांना आठवत असतील. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, मुंबईची जकातही त्याच वेळी संपली, आणि राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराच्या चौक्या उठल्या. २०१८ पासून ई-वे बिल आले, फेब्रुवारी २०२१ पासून टोलसाठी फास्टॅग सक्तीचा झाला. रस्त्यावर मोडणारा वेळ यामुळे वाचला, हे मान्य केलेच पाहिजे. पण तो वाचलेला वेळ गाडीवाल्याच्या पदरात पडला काय? बऱ्याच अंशी नाही. रस्त्यावरचा खोळंबा कारखान्याच्या आणि गोदामाच्या फाटकापाशी येऊन थांबला. माल घेणाऱ्याचे गोदाम भरलेले असले की तो गाडीलाच गोदाम करतो आणि दोन दिवस जागेचे भाडे वाचवितो. त्याच्या वाचलेल्या भाड्याइतकाच भुर्दंड गाडीवाल्याला बसतो. हॉल्टिंगचा दर चिठ्ठीवर लिहिलेला नसेल तर मागूनही तो मिळत नाही.

हमालीचा प्रश्न याच फाटकाशी निगडित आहे. माल भरण्या-उतरविण्याचा खर्च ज्याचा माल त्याने द्यावा, हे न्यायाला धरून आहे. तरी ठिकठिकाणी ‘वाराई’च्या नावाखाली तो गाडीवाल्याच्या भाड्यातून कापला जातो. महाराष्ट्रातील वाहतूकदारांनी ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा दिली, ती याच अन्यायाविरुद्ध. येथे कार्यकर्त्यांनी विशेष सावध राहिले पाहिजे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला जे संरक्षण दिले, ते दीर्घ लढ्याचे फळ आहे. गाडीवाला आणि हमाल या दोघांना फाटकापाशी एकमेकांच्या अंगावर घालून मालधनी बाजूला उभा राहतो. वाराईविरोधाचा रोख हमालाच्या मजुरीकडे वळला तर दोन श्रमिक भांडतील आणि तिसऱ्याचा खर्च वाचेल. हमालाची मजुरी पूर्ण राहिली पाहिजे, आणि ती मालधन्याच्या खिशातून आली पाहिजे.

हुंडेकऱ्याची चिठ्ठी

एकट्या मालकाला माल बहुधा हुंडेकऱ्यामार्फत, म्हणजे ट्रान्सपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. हुंडेकरी काही काम करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो माल गोळा करतो, कागद करतो, मालधन्याकडून महिना-दोन महिन्यांनी येणाऱ्या रकमेपैकी काही भाग गाडीवाल्याला डिझेलसाठी आगाऊ देतो. दोष असा की, मालधन्याशी ठरलेला दर आणि गाडीवाल्याला सांगितलेला दर यांतील अंतर गाडीवाल्याला कधी कळत नाही. मघाच्याच उदाहरणात मालधन्याने टनाला अकराशे पन्नास दिले आणि गाडीवाल्याला हजार मिळाले असे धरले, तर अंतर दोन हजार सातशे रुपयांचे होते. सर्व काही सुरळीत पार पडल्यावर गाडीवाल्याला उरणारी रक्कम दोन हजार आठशे होती. दोन दिवस आणि सहाशे किलोमीटर राबणाऱ्याचा नफा आणि एका चिठ्ठीची किंमत जवळजवळ सारखी ठरते. शिवाय गाडीवाल्याने आपल्या पगाराचा, टायरचा आणि अपघाताचा धोका पत्करलेला असतो.

शिल्लक रकमेचे दुखणे याहून मोठे. पोच दाखविल्यावर मिळावयाची बाकी आठवड्यांवर आठवडे लांबते. डिझेल मात्र रोख घ्यावे लागते, आणि जून २०१७ पासून त्याचा भाव रोज बदलण्याची पद्धत सुरू झाल्याने तो मध्येच बदलला तर महिन्यापूर्वी ठरलेल्या दराला काही अर्थ उरत नाही. म्हणजे कमी भांडवलाचा गाडीवाला अधिक भांडवलाच्या व्यापाऱ्याला बिनव्याजी कर्ज देत असतो.

अलीकडे मोबाईलवर भाडे दाखविणाऱ्या व्यवस्था आल्या आहेत. त्यांचा उपयोग आहे. परगावी अडकलेल्या गाडीला परतीचा माल शोधता येतो, निरनिराळ्या मार्गांचे दर डोळ्यांसमोर येतात. पण माहिती मिळाली म्हणजे शक्ती मिळाली असे नाही. एका मालासाठी वीस गाडीवाले आपापला दर लावतात, तेव्हा सर्वांत अधिक अडलेल्याचाच दर ठरतो. पूर्वी ही घासाघीस हुंडेकऱ्याच्या ओट्यावर होत असे. आता ती पडद्यावर होते.

या दबावाखाली गाडीवाला शेवटी जादा भार घेतो. भावात गेलेले वजनात काढावे, असा त्याचा हिशेब असतो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालमोटारींची भारक्षमता सुमारे वीस ते पंचवीस टक्क्यांनी वाढविली. मालाचे प्रमाण तेवढेच असताना तो वाहून नेण्याची शक्ती वाढली की टनामागच्या भावावर दाब येणारच. आणि मर्यादेपलीकडे भार घेतल्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये भरावे लागतात. जादा भाराचा लाभ मालधन्याला होतो. दंड, मोडलेला पाटा आणि उतारावर न लागणारा ब्रेक गाडीवाल्याच्या वाट्याला येतो.

उसाच्या हंगामातील धडा

जवळच्या पल्ल्याचे सर्वांत हमखास भाडे म्हणून पश्चिम महाराष्ट्रातील गाडीवाला उसाकडे पाहतो. चार-पाच महिने रोज खेप, कारखान्याशी लेखी करार, परतीच्या मालाचा विचारच नको. वरवर पाहता याहून चांगले काय? परंतु या कराराचे पोट निराळे आहे. मजुरांच्या टोळ्या आणण्यासाठी द्यावयाची उचल बहुधा वाहन-मालकाच्या नावावर निघते. तो ती मुकादमाला देतो, मुकादम मजुरांना वाटतो. टोळी आली नाही, किंवा अर्ध्यावर निघून गेली, तर कारखान्याचे देणे वाहन-मालकाच्या माथी राहते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांत उचल बुडाल्याच्या तक्रारी दरवर्षी पोलीस ठाण्यांत नोंदल्या जातात. हप्त्यापोटी गाड्या जातात आणि शेतीवर बोजे चढतात.

येथेही घाईने मुकादमाला किंवा मजुराला खलनायक ठरवून चालणार नाही. उचलीवर जगणारा मजूर हा स्वतःच कर्जाच्या बेडीत असतो. कारखान्याला मजूर हवे असतात, पण मजुरांचा मालक होणे नको असते. म्हणून भरतीची जोखीम त्याने गाडीवाल्याच्या खांद्यावर ठेवली. ज्या भाड्याबरोबर दुसऱ्याच्या कर्जाची हमी येते, ते भाडे किफायतशीर नव्हे. तोडणी आणि वाहतूक यांचे करार वेगळे असावेत, आणि उचलीचा व्यवहार कारखाना व मजूर यांच्यात नोंदला जावा, ही मागणी गाडीवाला आणि ऊसतोडणी मजूर यांनी मिळून केली तरच तिला बळ येईल.

पाळीचा नियम: पंजाब आणि हिमाचल

आतापर्यंतच्या विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. दिवसाचा खर्च काढणे, नुकसानीचे भाडे नाकारणे, परतीचा माल आधी विचारणे, एवढे एकटा माणूस करू शकतो. हॉल्टिंगचा दर, हमालीची जबाबदारी, बाकीची मुदत आणि किमान भाव या चार गोष्टी एकट्याच्या हातात नाहीत. एकाने नाही म्हटले की मागे दुसरी गाडी उभीच असते. तेव्हा एकत्र येण्यावाचून गत्यंतर नाही. पण एकत्र येण्याच्या रीतीतही भेद असतात.

पंजाबात गावोगावी गाडीवाल्यांच्या युनियन होत्या. माल आला की पाळीप्रमाणे गाडी लागे आणि दर युनियनचा असे. लहान मालकाला यात शाश्वती होती. परंतु कालांतराने अनेक ठिकाणी युनियनचे दार नव्या माणसाला बंद झाले, बाहेरच्या गाडीला माल भरू देईनात, आणि नेतेपद सत्ताधारी पक्षाच्या मर्जीने फिरू लागले. उद्योजक ओरडत होतेच. शेतकरी आणि सामान्य व्यापारीही विटले. २०१७ मध्ये पंजाब सरकारने नियम करून अशा मक्तेदारीला मज्जाव केला, तेव्हा युनियनच्या बाजूने लोकमत उभे राहिले नाही. जी संघटना नव्या श्रमिकाला आत घेत नाही, तिची गिल्ड होते, आणि गिल्डसाठी कोणी रस्त्यावर येत नाही.

हिमाचल प्रदेशातील चित्र निराळे आहे. बिलासपूर जिल्ह्यातील बरमाणा आणि सोलन जिल्ह्यातील दारलाघाट येथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. कारखान्यांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या अशी पुष्कळ कुटुंबे पुढे मालमोटारींवर जगू लागली. त्यांनी सहकारी संस्था काढल्या; सिमेंट आणि क्लिंकरची वाहतूक पाळीने होऊ लागली, आणि दर टनामागे किलोमीटरप्रमाणे कंपनीशी बोलून ठरू लागला. एसीसी आणि अंबुजा या कंपन्या २०२२ मध्ये अदानी समूहाकडे गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरच्या मध्यास, वाहतुकीचा दर परवडत नाही असे कारण देऊन दोन्ही कारखाने बंद ठेवण्यात आले. हजारो गाड्या उभ्या राहिल्या, ढाबे आणि गॅरेज ओस पडली. तरी संस्था फुटल्या नाहीत. दोन महिन्यांहून अधिक काळ हा पेच चालला आणि २० फेब्रुवारी २०२३ रोजी राज्य सरकारच्या मध्यस्थीने तोडगा निघाला: लहान गाडीला टनामागे किलोमीटरला दहा रुपये तीस पैसे, आणि अधिक आसांच्या मोठ्या गाडीला नऊ रुपये तीस पैसे.

हा संपूर्ण विजय नव्हता. पूर्वीपेक्षा दर खाली आला. पण कंपनी मागत होती तेथवर तो घसरला नाही. यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. दर ठरला तो उघडपणे, टन आणि किलोमीटर या मापाने. म्हणजे चिठ्ठीमागचे अंतर लपविण्यास जागा राहिली नाही. मोठ्या गाडीचा खर्च टनामागे कमी येतो हे संघटनेने मान्य केले, म्हणून तिची मागणी हेकट ठरली नाही. आणि गाव संस्थेच्या पाठीशी राहिले, कारण ती संस्था गावाचीच होती.

कार्यकर्त्यांपुढील काम

वाहतूकदारांच्या मोठ्या संघटना आपल्याकडे आहेत. जुलै २०१८ मध्ये देशभर आठ दिवसांचा संप झाला. डिझेल, टोल आणि विमा हे त्यातील प्रमुख विषय होते, आणि ते रास्त होते. परंतु ज्या संघटनेत शंभर गाड्यांचा मालक, हुंडेकरी आणि एका गाडीचा चालक-मालक एकाच सतरंजीवर बसतात, तेथे सरकारविरुद्धची मागणी सहज ठरते. सतरंजीवरल्यांच्या आपसातील वाटणीचा विषय निघत नाही. तो विषय काढणारी जागा तालुक्याच्या पातळीवरच निर्माण होऊ शकते.

तेथे आरंभ एका वहीने करावा. तालुक्यात एकट्या मालकांच्या गाड्या किती, त्यांची क्षमता काय, तालुक्यातून कोणत्या महिन्यात कोणता माल कोठे जातो आणि कोठून काय येतो, याची नोंद करावी. दोन-तीन तालुक्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या तर परतीच्या भाड्याच्या जोड्या आपोआप दिसू लागतात. हे काम करावयास भांडवल लागत नाही, चिकाटी लागते. बाजार समिती, दूध संघ, खत विक्री केंद्र, साखर कारखाना या ठिकाणी आपल्या माणसांचा राबता असतो. तेथील मालाची माहिती गोळा करणे त्यांना अवघड नाही.

दुसरे काम लेखी भाडेपत्राचे. दर, भरण्या-उतरविण्याची मुदत, त्यानंतरचे दिवसाचे हॉल्टिंग, हमाली कोणाची, बाकी कोणत्या तारखेस, एवढ्या पाच ओळींचा छापील नमुना प्रत्येक गाडीत असावा. कायद्याची मदतही कागद असेल तरच मिळते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या कायद्यात पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे देण्याचे बंधन आहे, आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. मालवाहतुकीची सेवा देणारा एकटा मालकही उद्यम नोंदणी करून या कायद्याचा आधार घेऊ शकतो. मात्र आपण कोणासाठी माल नेला याचा लेखी पुरावाच त्याच्यापाशी नसेल, तर कायदा पुस्तकात राहतो.

तिसरे काम सहकारी संस्थेचे आणि पाळीचे. संस्थेने मालधन्याशी थेट करार करावा, दर फळ्यावर लिहावा आणि गाडी पाळीने लावावी. पंजाबचा अनुभव ध्यानात ठेवून सभासदत्व खुले असावे, एका कुटुंबाच्या गाड्यांवर मर्यादा असावी, आणि हिशेब दरमहा वाचला जावा. सहकारी संस्था पुढाऱ्यांच्या घरच्या होतात, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. फळ्यावरचा दर आणि उघडी वही हाच त्यावरील उतारा आहे. ज्या हुंडेकऱ्याला ठरावीक आणि जाहीर दलाली घेऊन काम करावयाचे असेल, त्याच्याशी वैर धरण्याचे कारण नाही.

चौथी मागणी सरकारकडे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ६७ व्या कलमाने राज्य सरकारला मालवाहनांचे भाडे, कमाल आणि किमान मर्यादांसह, ठरविण्याचे निर्देश देण्याचा अधिकार दिला आहे. प्रवासी गाड्यांचे दर राज्याकडून ठरतात, रिक्षाचे भाडे ठरते. मालमोटारीचे किमान भाडे मात्र बाजारावर सोडलेले आहे. गाडीवाल्यांनी एकत्र बसून दर जाहीर केला तर स्पर्धा कायद्याचा बडगा दाखविला जातो. मग निदान खर्चावर आधारलेला किमान दर शासनाने ठरवावा, ही मागणी गैरवाजवी म्हणता येणार नाही.

शेवटी, मालक की मजूर या प्रश्नाकडे यावे. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांनाच आपोआप लागू होता. त्याची जागा घेणारी श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने ही मर्यादा दहावर नेली. म्हणजे एका गाडीचा मालक आणि त्याने ठेवलेला चालक, दोघेही या संहितेच्या संरक्षणाबाहेरच राहिले. त्या चालकाचे हित आणि मालकाचे हित सर्वस्वी एक नाही, हे विसरू नये. संस्थेच्या फळ्यावर भाड्याच्या दराशेजारी चालकाचा किमान पगार आणि विश्रांतीचे तास लिहिले गेले पाहिजेत. परंतु जो मालक दिवसाच्या अडीच हजारांसाठी स्वतः रात्रभर जागतो, तो स्वतःच्या झोपेतूनच नफा काढीत असतो. पहाटे डोळा लागतो आणि महामार्गावर अपघात होतो, तेव्हा वर्तमानपत्रात ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढेच छापून येते. भाडे कितीला ठरले होते, गाडी फाटकाशी किती तास उभी होती, हे छापले जात नाही.

म्हणून पुढील महिन्यात प्रत्येकाने आपल्या तालुक्यातील एकट्या मालकांची एक बैठक घ्यावी. तेथे भाषणे कमी व्हावीत. एक फळा, एक खडू, आणि प्रत्येक गाडीचा दिवसाचा खर्च. एकदा दहा गाड्यांचे आकडे एकाखाली एक लिहिले गेले, की पुढचे बोलणे गाडीवाले स्वतःच करतील.